अ‍ॅलर्जी वारशानं येते म्हणजे नेमकं काय येतं?

दोघं सख्खी भावंडं, एकाच खोलीत वाढलेली. माळ्यावरचं जुनं सामान खाली काढलं की एकाला लागोपाठ शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात, नाक गळायला लागतं. दुसरा त्याच धुळीत मांडी घालून जुने फोटो चाळत बसतो. मग घरात ठरलेला संवाद होतो. "हे तुमच्याकडून आलंय." "छे, आमच्याकडे कुणालाच नव्हतं असलं काही."

आता या वादात तिसरा पक्षही आला आहे. लाळेचा नमुना पाठवा, तुमची प्रतिकारशक्ती कशी आहे आणि तुम्हाला कशाकशाची अ‍ॅलर्जी होईल ते जनुकं वाचून सांगतो, अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. आई-वडिलांकडून आलेली जनुकं आपल्या प्रतिकारयंत्रणेला घडवतात, हे खरंच आहे. पण किती घडवतात, याचं एकच एक उत्तर नाही. काही ठिकाणी जनुकाचा शब्द म्हणजे हुकूम असतो, तिथे दुसऱ्या कुणाचं चालत नाही. काही ठिकाणी ती नुसती कुजबुज असते, आजूबाजूच्या गलक्यात विरून जाणारी. गंमत अशी, की शिंका, इसब, दमा यांच्या बाबतीत आपण कुजबुजीलाच हुकूम समजून बसतो. आणि काही औषधांच्या बाबतीत जिथे जनुकाचं खरोखर ऐकायला हवं, तिथे त्याला विचारायचंच विसरतो.

आधी एक कोडं: कृती वीस हजार, पदार्थ अब्जावधी

जनुक म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्यावरचा एक तुकडा. बहुतेक वेळा त्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती लिहिलेली असते. प्रथिनं बनवणारी अशी जनुकं माणसात साधारण २०,००० आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची.

शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला ओळखून तिला चिकटणारी प्रथिनंही शरीर बनवतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. एक प्रतिपिंड साधारणपणे एकाच आकाराला चिकटतं, आणि जगात जंतू तर असंख्य. आपलं शरीर अब्जावधी प्रकारची प्रतिपिंडं बनवू शकतं, हे कळलं तेव्हा संशोधक चक्रावले. वीस हजार कृतींच्या पुस्तकातून अब्जावधी पदार्थ निघतात कसे?

उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दिलं आणि त्यासाठी त्यांना १९८७चं नोबेल मिळालं. प्रतिपिंडाचं जनुक आपल्याला अखंड मिळतच नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळतं. प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक पेशी तयार होताना हे तुकडे पत्त्यांसारखे पिसते, प्रत्येक गटातला एकेक उचलते आणि जोडते. शिवाय जोडताना सांध्यावर थोडीफार गडबडही होते, आणि त्या गडबडीमुळे वैविध्य आणखी वाढतं.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण वारशाबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच मिटतात. आई-वडिलांकडून आपल्याला पत्त्यांचा जोड मिळतो. हातात आलेली पानं मिळत नाहीत. पिसणं ज्याचं त्याच्या शरीरात, नव्यानं आणि आयुष्यभर चालतं. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचा जोड तंतोतंत सारखा असतो, तरी त्यांच्या प्रतिपिंडांचा साठा सारखा नसतो.

पेशीनं पुढे केलेला तळहात

प्रतिपिंडं उघड्यावरच्या शत्रूला पकडतात. पण विषाणू पेशीच्या आत शिरून दार लावून बसला, तर बाहेरच्या पहारेकऱ्याला ते कळणार कसं? यासाठी आपली जवळपास प्रत्येक पेशी एक काम सतत करत असते. आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती पृष्ठभागावर आणून दाखवते. जणू तळहातावर नमुना ठेवून हात पुढे करते: बघा, आत हे चाललंय. टी पेशी नावाचे पहारेकरी हे तळहात तपासत हिंडत असतात. तुकडा ओळखीचा असला की पुढे सरकतात. परका दिसला तर ती पेशीच संपवतात. टी पेशी नुसता तुकडा वाचत नाही, तळहात आणि तुकडा मिळून वाचते, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. १९९६चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

या तळहाताला एचएलए म्हणतात. त्याची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली आहेत, आणि माणसामाणसांत इतकं वेगळेपण दुसऱ्या कुठल्याच जनुकांत नाही. त्यांचे ३०,००० हून अधिक प्रकार आतापर्यंत नोंदले गेले आहेत. एकाच्या तळहातावर जो तुकडा घट्ट बसतो, तो दुसऱ्याच्या हातातून निसटतो. ही जनुकं जवळजवळ असल्यामुळे सहसा गठ्ठ्यानं पुढच्या पिढीत जातात. प्रत्येक पालकाचे दोन गठ्ठे आणि त्यांतला एकेक मुलाला, म्हणून दोन सख्ख्या भावंडांचा संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाची वेळ आली की डॉक्टर आधी भावंडांची चौकशी करतात, ती यासाठीच.

इतकी विविधता कशाला? सगळ्यांचे तळहात सारखे असते, तर त्यावरून निसटायची युक्ती सापडलेला एकच जंतू सगळ्यांना पुरून उरला असता. साहजिकच "सगळ्यात चांगलं एचएलए कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नाही. बी-२७ नावाचा प्रकार घ्या. पाठीचा कणा हळूहळू आखडत नेणाऱ्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत तो सापडतो. पण हाच बी-२७ असलेल्यांच्या शरीरात एचआयव्हीची वाढ तुलनेनं रोखली जाते. शिवाय बी-२७ घेऊन जगणाऱ्या शंभरातल्या जेमतेम काही जणांनाच पाठीचा तो आजार होतो. बाकीच्यांना आपल्याकडे बी-२७ आहे, हे आयुष्यभर कळतही नाही.

साप साप म्हणून भुई धोपटणं

आता अ‍ॅलर्जीकडे वळू. हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं घडवला. परागकण, धुळीतले किडे, शेंगदाणे, कोळंबी यांपैकी काहीही शरीराचं शत्रू नाही. तरी प्रतिकारयंत्रणा शत्रू आल्यासारखी धावून जाते, आणि त्या मारामारीत मोडतोड आपल्याच घराची होते.

हे रक्तातल्या कशामुळे तरी होतं, हे दाखवणारा प्रयोग १९२१चा आहे आणि तो आज कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना माशाची अ‍ॅलर्जी होती. त्यांच्या रक्ताचा द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि प्राउसनिट्झ यांना माशाचा कधी त्रास नसतानाही तिथे लाल गांधी उठली. क्युस्टनर यांच्या रक्तातलं 'ते काहीतरी' म्हणजे आयजीई नावाचं खास जातीचं प्रतिपिंड, हे पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारं इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक यांनी स्वतंत्रपणे शोधलं.

हे आयजीई जाऊन बसतं मास्ट पेशींवर. या पेशी कातडीत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात पेरलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनसारख्या रसायनांच्या पुड्या भरलेल्या असतात. पहिल्या भेटीत बाहेरून काहीच दिसत नाही. शरीर फक्त त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवतं आणि मास्ट पेशींवर बसवून ठेवतं. पुढच्या कुठल्या तरी भेटीत तो पदार्थ त्या आयजीईला चिकटला की पुड्या फुटतात. मग खाज, सूज, शिंका. प्रतिक्रिया अंगभर पसरली तर रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो आणि जीवही जाऊ शकतो. "मी तर हे आधी खाल्लंय, तेव्हा काही झालं नव्हतं" हा रुग्णांचा नेहमीचा आक्षेप असतो. त्याचं उत्तर यातच आहे: तेव्हा तयारी चालू होती.

यातून आणखी एक गोष्ट निघते. परागकणाची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जन्मतः तयार नसते. ती भेटीतून घडते.

मग वारशात येतं तरी काय?

येतो तो स्वभाव. साध्यासुध्या गोष्टींविरुद्धही आयजीई बनवत सुटण्याकडे काही शरीरांचा कल असतो. या कलाला अ‍ॅटोपी म्हणतात. आईला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल, तर मुलाला कोळंबीचीच होईल असं नाही. त्याला लहानपणी इसब होईल, शाळेत जाईपर्यंत तो बरा होऊन धुळीनं शिंका सुरू होतील, किंवा दमा लागेल, किंवा यातलं काहीच होणार नाही. तापट बापाचा मुलगाही तापट निघाला, तरी बाप ज्या शेजाऱ्याशी भांडला त्याच्याशीच मुलगा भांडेल असं थोडंच आहे?

या कलात जनुकांचा वाटा किती, हे मोजायला जुळी कामी येतात. एकबीज जुळ्यांची जनुकं सारखी, द्विबीज जुळी मात्र इतर भावंडांइतकीच सारखी. घर दोघांचं एकच. २००० साली अमेरिकेत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल ५८ जोड्यांचा अभ्यास झाला. निदान एकाला अ‍ॅलर्जी असलेल्या एकबीज जोड्यांपैकी सुमारे ६४ टक्के जोड्यांत ती दुसऱ्यालाही होती. द्विबीज जोड्यांत हे प्रमाण ७ टक्के भरलं. अभ्यास छोटा आहे, पण फरक मोठा आहे. आणि हाच आकडा उलटा धरून वाचला तर? जनुकं अक्षर न् अक्षर सारखी असूनही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोड्यांत एक जण शेंगदाणे खुशाल खात होता.

कुठली जनुकं, हा पुढचा प्रश्न. आपली अपेक्षा असते की अपराधी प्रतिकारयंत्रणेतच सापडेल. म्हणून २००६ साली लागलेला शोध मला अजूनही फार सुंदर वाटतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांचा गट कातडीच्या कोरडेपणाचा शोध घेत होता. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते थर घट्ट बांधतं, आणि त्याचे तुकडे झाल्यावर तेच त्वचेत ओलावा धरून ठेवतात. हे जनुक बिघडलेल्या लोकांत इसबाचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, असं आढळलं. युरोपीय वंशाच्या दर दहांतल्या जवळपास एकात या जनुकाची बिघडलेली प्रत असते. इतर वंशांतही बिघाड सापडतात, पण वेगळ्या ठिकाणचे.

म्हणजे गडबड पहारेकऱ्यात नव्हती, भिंतीत होती. भिंतीला भेगा पडल्या की धूळ, परागकण, अन्नाचे सूक्ष्म कण कातडीतून आत शिरतात. आणि चोरवाटेनं आत आलेल्या पाहुण्याला पहारेकरी चोरच समजतो. तोच शेंगदाणा तोंडातून, आतड्याच्या राजरस्त्यानं आला, तर शरीर सहसा त्याला ओळखीचा मानून सोडून देतं. लहान बाळांच्या इसबावर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होणं यांचा संबंध २००३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसला होता. फिलाग्रिनच्या शोधानंतर त्याचा अर्थ लागू लागला.

पण इथेही कुजबुजच आहे, हुकूम नव्हे. बिघडलेलं फिलाग्रिन असूनही अनेकांना इसब होत नाही, आणि इसबाच्या बहुतेक रुग्णांचं फिलाग्रिन ठणठणीत असतं. दम्याच्या बाबतीत सतराव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा २००७ साली लहान मुलांच्या दम्याशी जोडला गेला. त्यानंतर अशा जागांची यादी लांबतच गेली. त्यांतल्या प्रत्येक जागेचं वजन इतकं थोडं, की एकट्या जागेवरून कुणाचंही भाकीत करू नये.

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग मला कशी?"

शक्य आहे. आईकडून थोडा कल, वडिलांकडून थोडा. दोघांतही काही उमटण्याइतका नव्हता, तुमच्यात बेरीज झाली. किंवा वारसा बाजूलाच राहिला आणि भेटच विचित्र झाली. लाल मांसाची एक अ‍ॅलर्जी आहे, ती गोचीड चावल्यामुळे होते. सस्तन प्राण्यांच्या शरीरात असणारी, पण माणसात नसलेली एक साखर गोचिडीच्या चाव्यातून रक्तात जाते, शरीर तिच्याविरुद्ध आयजीई बनवतं, आणि वर्षानुवर्षं मांस खाणाऱ्या माणसाला एके रात्री जेवल्यानंतर काही तासांनी अंगभर पित्त उठतं. यात घराण्याचा काय दोष?

"जनुकं तर तीच आहेत, मग हल्लीच अ‍ॅलर्जी का वाढली?"

हा आक्षेप रास्त आहे. दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. मग बदललं ते भोवताल.

याचा फार चांगला पुरावा अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांकडून मिळतो: आमिश आणि हटराइट. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या जवळचे. कुटुंबं मोठी, घरात पाळीव प्राणी नाहीत, राहणी साधी. फरक शेतीच्या पद्धतीत. आमिश घोड्यांनी नांगरतात, गोठा घराला लागून असतो, मुलं त्यातच खेळतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यंत्रांची, गोठे राहत्या घरांपासून लांब. शाळकरी मुलांतल्या दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१ टक्के. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश धुळीत जिवाणूंचे अवशेष जवळपास सातपट होते. मग ती धूळ उंदरांच्या नाकात घातली. आमिश धुळीनं उंदरांचं दम्यापासून रक्षण झालं, हटराइट धुळीनं झालं नाही.

दुसरा पुरावा शेंगदाण्याचाच. डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते, की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळाला शेंगदाणा लवकर देऊ नका. लंडनमध्ये ६४० बाळांवर याची परीक्षा झाली. सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे कल असलेलीच. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दूर ठेवलं. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ज्यांच्यावर काहीच प्रतिक्रिया आली नव्हती, त्या बाळांत टाळणाऱ्या गटातल्या १३.७ टक्क्यांना पुढे अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्या गटातल्या १.९ टक्क्यांना. निकाल २०१५ साली आला आणि सल्ला उलटा फिरला. (ज्या बाळाला आधीच तीव्र इसब आहे, त्याच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारूनच करायचं असतं. आणि अख्खा दाणा तर लहान मुलाला कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो.) वर्षानुवर्षं काळजीपोटी पाळलेलं पथ्य अ‍ॅलर्जी वाढवत होतं, हे स्वीकारणं वैद्यकाला सोपं गेलं नसणार.

अ‍ॅलर्जीपलीकडे एकूण प्रतिकारयंत्रणेचं काय? स्टॅनफर्डमध्ये २१० जुळ्या व्यक्तींच्या रक्तात दोनशेहून अधिक गोष्टी मोजल्या गेल्या. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त गोष्टींमधला फरक मुख्यतः वारशाबाहेरच्या कारणांनी पडलेला निघाला. एकाच विषाणूनं, तोही बहुतेकांच्या शरीरात गुपचूप राहणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसनं, निम्म्याहून अधिक मोजमापं हलवली होती. वय वाढतं तशी एकबीज जुळीही एकमेकांपासून दूर जातात.

मग शेंगदाण्याच्या जुळ्यांचा तो ६४ टक्क्यांचा आकडा खोटा? नाही. "वारशाचा वाटा किती?" हा प्रश्न "कशात?" हे जोडल्याशिवाय अपुरा आहे. एका रोगाबद्दलचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही, आणि सगळ्यांचं भोवताल सारखं झालं तर वारशाचा वाटा आपोआप मोठा दिसू लागतो.

त्रासच देतात, तर ही जनुकं टिकली कशी?

कारण ती त्रासासाठी आलेलीच नव्हती. आयजीईचं मूळ काम बहुधा जंत आणि इतर परजीवी यांच्याशी लढण्याचं. माणसाच्या इतिहासाचा बहुतांश काळ जंत पोटात असण्यातच गेला. उतावळा पहारेकरी तेव्हा उपयोगाचा होता.

काही उतावळेपणा तर आपण उसना घेतला आहे. आफ्रिकेबाहेर पडलेल्या आपल्या पूर्वजांचा निअँडर्थल या आता नामशेष झालेल्या मानवजातीशी संकर झाला. जंतूंची चाहूल घेणाऱ्या काही जनुकांचे निअँडर्थल प्रकार आजही अनेकांत आहेत, आणि त्यांचा संबंध जास्त अ‍ॅलर्जीशी दिसतो, असं २०१६ साली आढळलं. नव्या प्रदेशातल्या अनोळखी जंतूंशी लढायला स्थानिकांची हत्यारं घेतली, त्यांची धार आज आपल्यालाच लागते.

करोनाच्या साथीत हे ठळकपणे दिसलं. ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० साली दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक निअँडर्थल तुकडा आजार गंभीर होण्याचा धोका वाढवतो. दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडर्थल तुकडा मात्र याच आजारात संरक्षण देतो. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो 'वाईट' तुकडा एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी करतो, असं पुढे दिसून आलं. असल्या जनुकाला चांगलं म्हणावं की वाईट, हे साथ कुठली चालू आहे त्यावर ठरतं.

इथेच एक गैरसमज खोडतो. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असणं नव्हे. चुकीच्या जागी जास्त असणं आहे. "इम्युनिटी वाढवतो" असं सांगून विकल्या जाणाऱ्या गोष्टी अ‍ॅलर्जीवर घेणं म्हणजे आधीच आरडाओरडा करणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाती ध्वनिक्षेपक देणं. सुदैवानं त्यांतल्या बहुतेक गोष्टी काहीच वाढवत नाहीत.

हुकूम चालतो तो इथे

एकाच जनुकाच्या बिघाडानं सगळी यंत्रणा कोसळू शकते. डेव्हिड व्हेटर हा अमेरिकी मुलगा १९७१ साली जन्मला आणि १९८४ साली गेला. जवळपास सगळं आयुष्य त्यानं निर्जंतुक प्लास्टिकच्या बुडबुड्यात काढलं. त्याच्या एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं होतं, त्यामुळे टी पेशी तयारच होत नव्हत्या. इथे भोवताल कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. असे आजार दुर्मीळ आहेत.

त्याहून कितीतरी जास्त लोकांना लागू पडणारा हुकूम औषधांचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कार्बामाझेपिन हे फिट आणि चेहऱ्याच्या नसेच्या तीव्र वेदना यांवरचं जुनं, चांगलं औषध. पण क्वचित कुणाला त्यानं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो: अंगावर फोड येतात, तोंडाची आणि डोळ्यांची आतली त्वचा सोलून निघते, माणूस दगावूही शकतो. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००४ साली अशा ४४ रुग्णांची एचएलए तपासणी केली. सगळ्या ४४ जणांत बी १५:०२ हा एकच प्रकार निघाला. औषध व्यवस्थित सोसणाऱ्यांत तो जेमतेम ३ टक्क्यांत होता.

पुढचा टप्पा २०११चा. तैवानमध्ये ४,८७७ रुग्णांना औषध सुरू करण्याआधी तपासलं. बी १५:०२ असलेल्या ७.७ टक्के लोकांना ते दिलंच नाही. पूर्वीच्या अनुभवावरून सुमारे १० जणांना हा भयंकर त्रास होईल अशी अपेक्षा होती. एकालाही झाला नाही. हा प्रकार चीन आणि आग्नेय आशियात जास्त आढळतो, युरोपात जवळपास नाही. भारतासह दक्षिण आशियात सरासरी २ ते ४ टक्के, काही गटांत त्याहून जास्त. युरिक अ‍ॅसिडसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅलोप्युरिनॉलची अशीच गाठ बी ५८:०१शी आहे.

हे घडतं कसं, ते एचआयव्हीवरच्या अबाकाविर या औषधामुळे २०१२ साली उलगडलं. औषधाचा रेणू बी ५७:०१ या तळहाताच्या खोबणीत जाऊन बसतो आणि तिचा आकारच बदलतो. मग त्या हातावर भलतेच तुकडे बसायला लागतात, आणि टी पेशींना आपल्याच पेशी परक्या वाटू लागतात. आज अबाकाविर देण्याआधी बी ५७:०१ची तपासणी करायचीच असते. यातला दैवदुर्विलास असा, की एचआयव्ही झाल्यावर तो काबूत ठेवायला मदत करणाऱ्या तळहातांपैकी बी ५७:०१ हा एक आहे.

मग ती लाळेची चाचणी करावी का?

कुठला प्रश्न विचारायचा आहे, त्यावर अवलंबून. "मला कशाची अ‍ॅलर्जी आहे?" हा प्रश्न असेल तर जनुकांकडे त्याचं उत्तर नाही, कारण ती भेटीतून घडते. त्यासाठी त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातलं आयजीई. तेही लक्षणांसोबत वाचायचं. नुसतं आयजीई सापडलं, म्हणजे ते अन्न बंद करायचं असं नाही. "माझ्या बाळाला दमा होईल का?" याचंही खात्रीचं उत्तर जनुकं देत नाहीत. आई-वडिलांपैकी एकाला त्रास असेल तर शक्यता वाढते, दोघांना असेल तर आणखी वाढते, एवढं लाळेचा नमुना न देताही सांगता येतं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराबद्दल शंका असेल, तर एचएलएची चाचणी उपयोगी पडते, पण उलट्या बाजूनं: डीक्यू-२ आणि डीक्यू-८ हे दोन्ही प्रकार नसतील तर तो आजार जवळपास नाहीच. असतील, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. ते घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही.

आणि "हे औषध मला चालेल का?" हा प्रश्न असेल तर ठरावीक औषधांपुरती, ठरावीक एचएलएची, डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी जरूर करावी. जो प्रकार तपासायचा तो आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे ती एकदाच पुरते. अहवाल जपून ठेवावा.

चाचणी नसली तरी एक माहिती घरातच असते. एखाद्या मावशीला किंवा काकांना कसल्याशा गोळ्यांनी अंगभर फोड येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, ही आठवण "त्यांना ते औषध मानवलं नाही" एवढ्यावर सोडून दिलेली असते. त्या गोळीचं नाव कुणाला आठवत असेल तर ते आत्ताच लिहून ठेवा, आणि नवं औषध सुरू करताना, विशेषतः फिटचं किंवा युरिक अ‍ॅसिडचं, डॉक्टरांना तो कागद दाखवा.